बोट ठेवून दाखव!

उसाचं पाचट कुणी मुद्दाम साठवत नाही. ऊस तुटतो, कारखान्याला जातो आणि पाचट रानात पडून राहतं, गुडघा गुडघा. किश्शांचं तसंच आहे. आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात इंग्रजीचा क्लास भरायला लागला. इंग्रजी पोरं घेऊन गेली, पाचट माझ्याकडं राहिलं.

झालं असं. सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होते तिथलं आमचं गाव. मी शिकलोय चौथी, तीही मास्तर कंटाळले म्हणून पास. परड्यातली खोली एका बाईंना भाड्यानं दिलीय. बाई माण तालुक्यातल्या, कॉलेजात इंग्रजी शिकवतात. जूनमध्ये मला म्हणाल्या, "आबा, वस्तीवरच्या पोरांचं इंग्रजी लय कच्चं आहे. कॉलेज सुटल्यावर तुमच्या सोप्यात फुकट क्लास घेऊ का?"

म्हणालो, "घ्या. पण दिवाळीपतूर. दिवाळीनंतर सोप्यात सोयाबीनची पोती असत्यात. दर चढल्याबगर ती हलत न्हाईत, अन् मीबी हलत न्हाई!"

हे ऐकून सगळ्यात जास्त तोंड उतरलं ते विद्याचं. विद्या वस्तीवरची, बारावीची पोरगी. तिला नर्सिंगला जायचंय, आणि अकरावीत इंग्रजीनं तिला रडवलेलं. बाप शिरवळला कंपनीत. त्यानं बजावून ठेवलेलं, "आबांच्या घरात क्लास असंल तर जायचं, आजी असत्यात तिथं. दुसरीकडं कुठं न्हाई." म्हणजे सोपा गेला की पोरीचा क्लास गेला.

मला काय त्याचं! पोती ती पोती.

*

पहिल्याच आठवड्यात माझं डोकं उठलं. पुस्तकात एका म्हातारीची गोष्ट होती. बाई इंग्रजीत वाचायच्या, मग मराठीत सांगायच्या. ती म्हातारी रोज जेवायला दोन ताटं मांडते. बाईंनी विचारलं, "काय कळलं?"

सुरज्या म्हणून एक कारटं आहे, उत्तर आधी आणि विचार मागनं. म्हणाला, "बाई, म्हातारी एकटी पडलीय."

"कशावरून?"

"म्हातारी हाय म्हणून!"

"ते तुझं मत झालं. गोष्टीत कुठं आहे? ओळीवर बोट ठेवून दाखव."

सुरज्याचं बोट पानावर असं फिरलं, जसं बाजारात चुकलेलं शेरडू. मग विद्यानं हळूच एका ओळीवर बोट ठेवलं. "बाई, ही. ताटं दोन मांडत्या, पण घासायला एकच टाकत्या."

बाई म्हणाल्या, "ह्याला म्हणायचं पुरावा."

मी ओसरीच्या कडेला तंबाखू मळत होतो. मळतच राहिलो. शेवटी आमची म्हातारी आतनं म्हणाली, "आवं, तिचा चुना व्हईल, खावा की आता!"

*

ते 'बोट ठेवून दाखव' मग गावभर झालं. सुरज्याची आई त्याला म्हणाली, "मेल्या, तू अभ्यास करत न्हाईस!"

हा शहाणा म्हणतो, "कशावरून? बोट ठेवून दाखव!"

माउलीनं पाचही ठेवली. दुसऱ्या दिवशी गाल घेऊन क्लासला आला, तरी उमटलेली दिसत होती.

बाई म्हणाल्या, "पुरावा स्पष्ट आहे."

*

आमच्या घरातसुद्धा हा रोग शिरला. एकदा जेवताना मी म्हणालो, "आमटीत मीठ न्हाई."

म्हातारी म्हणाली, "बोट ठेवून दाखवा."

मीही हट्टी. ठेवलं! आमटी नुकती चुलीवरनं उतरलेली. बोट भाजलं. चोखलं.

मीठ होतं. पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

*

सुभेदार नाना माझा दोस्त. मिलिटरीतनं रिटायर, चहाच्या वेळेला बरोबर हजर. क्लास चालू असला तरी ह्याचा बॉर्डरवरचा किस्सा सुरू. एक दिवस सांगत होता, "बर्फ कमरंएवढा! रायफल डोक्यावर धरलेली!"

विद्यानं विचारलं, "नाना, मागच्या खेपेला बर्फ गुडघ्याएवढा होता. कुठला धरायचा?"

नाना उखडला. "गोष्ट माझी हाय! बर्फ माझा हाय! कितीबी पाडीन!"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. बाईंनी तोच धडा केला. म्हणाल्या, "थांबा. बर्फ कमीजास्त होईल. पण नानांच्या गोष्टीची सेंट्रल आयडिया काय? म्हणजे सगळ्या गोष्टीतनं मुख्य म्हणणं काय निघतं?"

सुरज्या म्हणाला, "बर्फ!"

"बर्फ हा विषय झाला. बर्फाबद्दल म्हणणं काय?"

विद्या जरा थांबून म्हणाली, "नानांना अजून थंडी वाजत्या."

"पुरावा?"

"किस्सा संपला की नाना दर खेपेला दुसरा चहा मागत्यात. अन् पेला दोन्ही हातांनी धरत्यात."

नानानं हातातल्या पेल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून ओरडला, "तुझी पोरं लय आगाव झाल्यात रं!"

"माझी कुठली?" मी म्हणालो. "दिवाळी झाली की जायचीत."

*

सुरज्याचा आणखी एक. बाईंनी सांगितलं, धड्यात पुरावा सापडेल त्या ओळीखाली रेघ मारून आणा. ह्यानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत सगळा धडा लाल करून आणला.

"हे काय रे?"

"बाई, ह्यातली एक तरी ओळ बरोबर निघंलच की!"

मला राहवलं नाही. म्हणालो, "बाई, त्याला बोलू नका. खानदानी हाय. ह्याच्या बापानं सगळ्या रानात बोअर मारून ठेवल्यात. एकालाबी पाणी न्हाई!"

सुरज्यानं रबर मागितला. लाल शाई कुठली जातीय रबरानं! पुस्तक अजून तसंच आहे. लांबनं बघितलं की मिरचीच्या वाफ्यासारखं दिसतं.

*

दिवाळी झाली. मी बाईंना म्हणालो, "ठरल्यापरमाणं. पोती येत्यात."

बाई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "शब्द तो शब्द, आबा. देवळात विचारलं, तिथं भजन असतं. शाळा लांब पडते. बघू." विद्यासाठी तिच्या बापाला फोनही केला होता. तो म्हणाला, "बाई, तुमच्यावर भरवसा हाय, पर रस्त्यावर न्हाई."

ठरलेल्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. पोती उतरून घेतली. कुठं लावायची ते हमालांना मी सांगितलं. म्हातारी माहेरी गेलेली, ती दुपारी आली, आत गेली आणि बाहेर येऊन मला वरखाली बघून परत आत गेली.

संध्याकाळी पोरं आली. बाईही आल्या, चहाच्या वेळेला नानाही. सोपा मोकळा होता. पोती अजून यायची असतील असं त्यांना वाटलं असावं. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कट्ट्यावर बसलो, तंबाखू काढली.

बाई म्हणाल्या, "आज इथला शेवटचा तास. पुस्तक नको. ओळखीचा एक माणूस घ्या, त्याची सेंट्रल आयडिया सांगा आणि पुरावा द्या."

सुरज्या उडालाच. "बाई, आबा घेतो! आबा तिरसट हायत!"

"पुरावा?"

"मला गाढव म्हणाले. बोअरवरनं बापाला बोलले. चपला ओळीत लावा म्हणून रोज वरडत्यात. नानांना म्हणाले, चहा पिऊन झाला असंल तर ऊठ..."

थांबेचना! त्याच्या जन्मात त्याला एवढा पुरावा कधी सापडला नव्हता. बाई म्हणाल्या, "शाबास. पूर्ण मार्क."

मी म्हणालो, "एकदा तरी पास झालास, गाढवा!"

"बाई, आणखी एक!" सुरज्या म्हणाला.

तेवढ्यात विद्यानं हात वर केला. उभी राहिली. आवाज बारीक झाला होता.

"बाई, मीबी आबाच घेतलेत. पर माझं वेगळं हाय. क्लास जावा असं आबांना वाटत न्हाई."

मी म्हणालो, "कोण म्हणतं? बोट ठेवून दाखव!"

पोरगी निघाली ती सरळ माझ्या अंगावरनं मधल्या खोलीच्या दाराशी गेली. दार लोटलं. पाणी प्यायला आत गेली होती तेव्हा बघितलं असणार.

माझी बाज आहे तिथं. बाजेवर सोयाबीनची पोती, आढ्यापर्यंत. आणि सगळ्यात वरच्या पोत्यावर माझी पांघरायची वाकळ, घडी घालून.

विद्यानं पोत्यावर बोट ठेवलं.

नाना पेला खाली ठेवून म्हणाला, "आरं गड्या, मग तू झोपतोस कुठं?"

"हमालांनी चुकून लावली," मी म्हणालो.

आतनं म्हातारी म्हणाली, "व्हय. अन् वाकळबी हमालांनीच घडी घातली!"

बाई नुसत्या फळ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि पुसलेला फळा पुन्हा पुसायला लागल्या. विद्याचं बोट अजून पोत्यावरच होतं.

सुरज्यानं पेनाचं टोपण काढलं. "बाई, मग मुख्य काय लिवायचं? तिरसट का हे दुसरं?"

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. पोरंही. नानाही.

"तिरसटच लिव्ह!" मी म्हणालो. "अन् उद्यापासनं चपला ओळीत लावा!"