राहुकाळाच्या आधी

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "गॉल स्टोन आहेत." म्हणजे पित्ताशयातले खडे. माझी बायको कुसुम पदराने पोट पुसत होती. जेवल्यावर पाठीत कळ येते, असं ती वर्षभर सांगत होती आणि मी तिला सोडा पाजत होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याच्या एका दवाखान्यात लॅपरोस्कोपी नवीनच सुरू झाली होती. पोटाला छोटी छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा घालायचा आणि टीव्हीवर बघत लांब चिमट्यांनी पित्ताशय काढायचं. दोन-तीन दिवसांत घरी. हिंगणघाटात आमचं कापडाचं दुकान, दिवाळी तोंडावर. आम्ही हो म्हणालो.

ऑपरेशन शनिवारी होतं. शनिवारी नऊला राहुकाळ लागतो. त्या वेळात आमच्याकडे कापडाचा नवा गठ्ठासुद्धा सोडत नाहीत.

पावणेनऊला सही करायला मी थिएटरशेजारच्या खोलीत गेलो. कुसुम दाराबाहेर स्ट्रेचरवर होती. आत ऑपरेशन करणारे डॉक्टर एका लाकडी पेटीत कॅमेरा आणि दोन लांब चिमटे घालून उभे होते. नजर टीव्हीवर, आणि पेटीतले चणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत.

"डॉक्टरसाहेब, हा खेळ मागून करा. नऊच्या आत हात लागला पाह्यजे."

"पंधरा मिनिटं द्या, शेठजी. टीव्हीत खोली कळत नाही, आणि हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. आधी हात बसवून घेतो."

"म्हंजे अजून हातच बसला नाई? मंग तसं सांगा, मी पेशंट नागपूरले नेतो."

नर्स बघत होती. डॉक्टरांनी चिमटे ठेवले आणि हात धुवायला गेले.

चौथ्या दिवशी कुसुमचे डोळे पिवळे झाले. कॉमन बाइल डक्ट, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी, कापली गेली होती. नागपूरला पूर्ण पोट उघडून ती आतड्याला जोडली. कित्येक आठवडे तिच्या कुशीतून रबरी नळी लोंबत होती.

इकडे बाजारात मी सांगत सुटलो, "ऑपरेशनच्या टाइमले डॉक्टर चणे वेचून राह्यला होता." लोक हसायचे. राहुकाळाचं मी सांगितलं नाही. तेच डॉक्टर गाडीत कुसुमजवळ बसून नागपूरपर्यंत आले होते, तेही नाही. आमच्या गावाचे पेशंट त्यांच्याकडे जाईनासे झाले. पुढे ते दवाखाना सोडून गेले. कुठे, ते मी विचारलं नाही.

नळीचा आतड्याशी केलेला तो जोड पुन्हापुन्हा आकसायचा. थंडी वाजून ताप, पुन्हा कावीळ, पुन्हा भरती. एकदा मी नागपूरच्या सर्जनना विचारलं, "त्यांनी सराव केला असता तर?" ते म्हणाले, "खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. बसलेल्या हातूनही ही नळी कापली जाते. पण मी स्वतः आधी हात चालवून घेतो."

शेवटच्या भरतीत कुसुम म्हणाली, "मी दाराशीच होती. सारं आयकलं. त्यायले दाणे वेचू द्याचे होते. मी का पळून चालली होती? अन् लोकायले तुमी आपलं बोलणं काऊन नाई सांगतलं?"

मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. त्याच आठवड्यात ती गेली.

माझ्या बोलण्यावर हसलेल्यांपैकी आता थोडेच उरलेत, म्हणून लिहून ठेवतो: ते डॉक्टर खेळत नव्हते. तुमचं माणूस आत न्यायचं असेल आणि डॉक्टर अशा पेटीत दाणे वेचताना दिसले, तर बाहेर बाकावर बसा. राहुकाळ लागला तर लागू द्या.