साखळीतली रिकामी खुर्ची

आमच्या चर्चच्या मंडळीत बायकांची प्रार्थना असली की आम्ही गोल बसून एकमेकींचे हात धरतो आणि डोळे मिटतो. एकीची प्रार्थना संपली की तिने उजवीकडच्या बाईचा हात दाबायचा, मग तिने सुरू करायचं. याला आम्ही साखळी प्रार्थना म्हणतो. जिला बोलायचं नसेल तिच्यासाठी पळवाटही आहे. आपला हात दाबला गेला की आपण गुपचूप पुढचा दाबायचा. लग्न होऊन अमरावतीला आल्यापासून मी ही पळवाट इतकी वापरली, की माझ्या उजवीकडच्या बायका आधीच घसा खाकरून तयार असायच्या.

शाळेत मी दिवसभर विज्ञान शिकवते. आवाज असा, की शेजारच्या वर्गातली पोरंही चूप बसतात. देवापुढे मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. लोकांना वाटे, लाजरी आहे. लाजरी कसली! मी घाबरत होते, आणि कशाला घाबरते हे सांगायची चोरी होती.

लहानपणी अकोल्याला आजोबा अंथरुणाला खिळले होते. मोठ्यांच्या प्रार्थना झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "आता पोरीले म्हणू द्या. लेकराचं देव लवकर आयकते." मी उशाशी उभी राहून प्रार्थना केली. 'आमेन' म्हणून डोळे उघडले, तर आजोबांची छाती हलत नव्हती. त्या रडारडीत एक काकू माझ्या आईला म्हणाली, "पोरीची जीभ काळी हाये वं. पाह्यलं नं?" आई तिच्यावर खेकसली, पण माझ्या कानात शिरायचं ते शिरलं होतं. मी आरशासमोर जाऊन जीभ बाहेर काढली. पार मागे एक बारीक काळा ठिपका होता.

पुढे मी अंधश्रद्धेवर पोरांना भाषणं दिली, टाळ्या घेतल्या. ठिपका होता तिथेच होता. प्रभू रोग्याला बरं करतो यावर माझा पक्का विश्वास होता. फक्त मी मागितलं तर माणूस जातं, असं कुठेतरी आत बसलं होतं.

माझ्या सासूबाई दर्यापूरकडच्या, तोंडाच्या फटकळ. गेल्या उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका सकाळी मी त्यांची वेणी घालत होते, तेव्हा म्हणाल्या, "मले तुही प्रार्थना आयकाची हाये. मेल्यावर नाई, आदी."

मी त्यांना काळ्या जिभेची गोष्ट सांगितली. नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती. त्या हसता हसता खोकल्या.

"अवं पोरी, मंग तं माह्यावरच आजमाव. मले तसंबी जाचंच हाये. अन् नाई गेली तं तुहं भेव जाईन."

मी हो म्हटलं आणि रोज उद्यावर ढकलत राहिले. तुम्ही जाऊ नये म्हणून मी गप्प आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

मग त्या दाराकडे पाहून बोलायला लागल्या. भर दुपारी, सगळं घर ऊन टाळून बसलेलं असताना म्हणायच्या, "कोन उभं हाये दारात? त्याले बसाले सांग नं. काहून ताटकळत ठेवलं?" दारात कुणी नसे. शेवटी मेंदूला प्राणवायू कमी पडला की असं होतं, हे मीच मुलांना शिकवते. तरी त्या दारातून जाताना मी अंग चोरून जाऊ लागले. अंगणातलं कुत्रं उंबऱ्याशी येई, मान वर करून शेपटी हलवी आणि आत न येताच परत फिरे. मी तिथून कितीदा तरी पाहिलं, ते ज्याच्याकडे बघे तिथे फक्त चौकट होती.

त्या दुपारी लाइट गेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम ऐकू यायला लागलं. बाहेर झळा सुटल्या होत्या, पत्रे तडतडत होते. शेजारच्या निवृत्त सिस्टर सलाइन बघायला आल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "साखळी करा."

"आपण चौघंच आहोत, आई," माझा नवरा म्हणाला.

"पाचवा बी हाये. खुर्ची ठेव."

त्याने पलंगाच्या पलीकडे प्लास्टिकची खुर्ची ठेवली. सासूबाईंनी आपला हात तिच्यावर टाकला, पंजा उघडा ठेवून. दुसरा माझ्याकडे केला. "त्याचा हात मी धरतो. तू माहा धर."

मी खुर्चीकडे बघायचं टाळलं. पण मी त्यांचा हात धरला.

नवऱ्याने प्रार्थना केली. मग सिस्टरांनी, नेहमीसारखी लांबच लांब. त्यांनी माझा हात दाबला. मी सवयीने सासूबाईंचा दाबला. काहीच आवाज आला नाही. मी पुन्हा दाबला.

आणि माझा हात परत दाबला गेला. घट्ट. मग थांबून, पुन्हा एकदा. मरणाच्या दारातल्या बाईच्या हाताला इतका जोर नसतो. साखळी कधी उलटी फिरत नाही, त्यामुळे त्याचा अर्थ एकच होता. तूच म्हण.

मी तोंड उघडलं. चर्चमधले मोठे शब्द एकही आठवेना, अकोल्याच्या घरातली बोलीच बाहेर पडली. "देवा, आईले नेशीन तं ने, पन तिले भेव वाटू देऊ नको. अन् मले बी." एवढंच. आमेन.

डोळे उघडले तेव्हा सिस्टर सासूबाईंच्या मानेवर बोटं ठेवून उभ्या होत्या. "गेल्या," त्या म्हणाल्या.

"मी मारलं त्यांना," माझ्या तोंडून निघालं.

"काई तरीच नको बोलू. पाय पाह्य किती गार पडले, नखं निळी झाली. माही प्रार्थना चालू होती तेवाच गेल्या त्या. तू तोंड उघडाच्या आदी."

लहानपणापासून छातीवर ठेवलेला दगड उतरला, आणि त्याच क्षणी मला रडू फुटलं. मी मारलं नव्हतं. पण त्यांनी ऐकलंही नव्हतं. त्यांनी एवढं एकच मागितलं होतं. रडून झाल्यावर कुठे मला तो दाब आठवला. मेल्यावर स्नायू आचके देतात, हे मला माहीत आहे. पण आचका दाबून थांबत नाही, आणि थांबून पुन्हा दाबत नाही. मी सिस्टरांना काही विचारलं नाही. ती खुर्ची उचलायला आमच्यापैकी कुणीच पुढे झालं नाही. मंडळीतले लोक येईपर्यंत ती तिथेच होती.

आता मी घरोघरी प्रार्थनेला जाते, आजारी माणसांजवळसुद्धा. काही बरे होतात, काही जातात. ठिपका आहे तसाच आहे. परवा वलगावला एका घरी माझ्या डावीकडे एक नवी सून बसली होती. तिची पाळी आली आणि तिने घाईघाईने माझा हात दाबला. घामेजलेला तो हात मी लगेच ओळखला. मी प्रार्थना सुरू केली नाही. तिचा हात परत दाबला, थांबले, पुन्हा दाबला.

डोळे मिटून मी तिच्या आवाजाची वाट पाहत राहिले. हात परत दाबणाऱ्याला किती वाट पाहावी लागते, ते मला तेव्हा कळलं.