कोऱ्या साडीचा वास
दुकानात गठ्ठा सोडला आणि नव्या साड्यांच्या खळीचा वास आला, की पवनीतलं ते पाळणाघर आठवतं. "तुले दुकान प्यारं, त लेकरू कायले केलं?" म्हणत सासूनं हात झटकले, म्हणून चार महिन्यांची लेक मी तिथे ठेवली. तिथल्या बाईंनी झोळीसाठी माझी एक साडी मागितली होती; मी दुकानातली कोरी, सगळ्यात मऊ साडी नेली. पोर त्यात रडरड रडली. ही साडी चालणार नाही, असं बाई म्हणताच रात्रभर जागलेली मी त्यांच्यावरच उखडले, "माल पाहा आधी, खोट काढू नका!" "मले माल नाई पायजे बाई, तुमचा वास पायजे," त्या म्हणाल्या. मी गळ्यातली घामादुधाची ओढणी काढून दिली. ती हुंगत पोर झोपली आणि मी तशीच दुकान उघडायला गेले. सासूला अजून माफ केलेलं नाही. पण गिऱ्हाइकापुढे कोऱ्या साडीचं कौतुक करताना आजही जीभ अडखळते.