दगडातला नाचणारा

"आधी त्याला दाखवतो," असं म्हणत दादा चहाचा मग डेस्कवरच्या दगडी माणसासमोर क्षणभर धरायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे.

परदेशातल्या आमच्या चेरीवूडच्या ऑफिसात माझा डेस्क त्यांच्या शेजारी होता. तो माणूस वीतभर उंच, हिरवट काळ्या दगडाचा. एक पाय उचललेला, हातात डफासारखं वाद्य, तोंडावर मुखवटा. कॅनडात प्रोजेक्टवर असताना त्यांनी तो तिथल्या एका इन्युइट आदिवासी कारागिराकडून घेतला होता. तुम्ही पाहिला असता तर तुम्हालाही वाटलं असतं, त्या डोळ्यांच्या भोकांतून कोणीतरी बघतंय. मी खुर्ची जरा तिरकी करून बसायचे.

"घाबरलीस काय गं, कॉन्व्हेंट?"

"नाही दादा, सगळं ग्रँड," मी इथल्या लोकांसारखं म्हणायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, "आत कोण असेल?"

त्यांचं हसू गेलं. "ते विचारायचं नसतं."

मग हळूहळू सांगत गेले. जव्हारकडच्या त्यांच्या गावात बोहाडा होतो. मुखवटे घालून देवांची सोंगं रात्रभर नाचतात. खंडेरावाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे. मुखवटा चढला की तो माणूस घरचा राहत नाही. त्याला नावानं, नात्यानं हाक मारायची नाही. सात वर्षांचे असताना त्यांनी गर्दीतून वडिलांची चाल ओळखली आणि आनंदाने ओरडले, "बाबा!"

नाच थांबला. वडिलांनी पुन्हा कधी मुखवटा घातला नाही.

"रागावले?"

"त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आजपर्यंत नाही."

पुढे काका नाचायचे. यंदा त्यांचे गुडघे गेले. घरातलं कोणी उभं राहिलं नाही तर सोंग दुसऱ्या घराकडे जाणार होतं.

"मग तुम्ही जा ना, दादा."

"मी? मी तर देवाला घालवणारा माणूस. माझ्या अंगात कशाला येईल तो?"

दोन आठवडे रजेचा अर्ज त्यांच्या स्क्रीनवर अर्धवट भरलेला मला दिसायचा. एका सोमवारी खुर्ची रिकामी होती. रजा संपली तरी ते परतले नाहीत. राजीनामा मेलने आला.

त्यांचं सामान न्यायला वहिनी आल्या. दगडी माणूस त्यांनी स्वेटरमध्ये गुंडाळला आणि फोन माझ्या हातात दिला.

व्हिडिओत उजाडत होतं. संबळ वाजत होता. खंडेरावाचा मुखवटा डुलत डुलत एका म्हाताऱ्यासमोर येऊन थांबला. "हे सासरे," वहिनी म्हणाल्या. म्हाताऱ्याने काठी खाली ठेवली, वाकून हात जोडले आणि मुलाच्या पायांवर डोकं टेकलं.

ते पाय मागे झाले नाहीत.