आक्का छाप झबली

हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "वहिनी, तो हवालदाराचा किस्सा सांगा ना!" एक सांगितला की त्याचा पदर धरून दुसरा येतो. परळच्या चाळीत मी आणि तारा मिळून तान्ह्या बाळांची झबली शिवून विकायचो. झबली किती झाली ते देव जाणे, किस्से मात्र अजून संपत नाहीत!

तारा म्हणजे आमची शेजारीण. पंचविशीतच नवरा गेला. तिचा भाऊ, राजापूरकडचा रामादादा, दिवसकार्याला आला तेव्हाच सांगून गेला, "वर्षभर बघ. जमलं तर जमलं. नाहीतर खोली सोडायची आणि गावी यायचं." माणूस वाईट नव्हता हो. पण तारा म्हणायची, "गावी पोटभर मिळेल, वहिनी. पण चुलीशी कुठे बसायचं तेसुद्धा विचारून बसावं लागेल."

तिच्याकडे हातमशीन होतं. आमचे हे गिरणीत, त्यामुळे गिरणीच्या दुकानातले मलमलीचे तुकडे ते आणून द्यायचे. मी गणपतीपुढे नारळ ठेवला आणि आम्ही सुरुवात केली.

*

पहिली सहा झबली अगदी कोरी करकरीत, गळ्याला लेस. मोठ्या ऐटीत गिरगावात एका बाळंतिणीच्या घरी घेऊन गेलो. तिच्या सासूबाईंनी झबलं दोन बोटांत धरलं.

"कोऱ्या कापडात तान्हं गुंडाळायचं? वैऱ्याचं आहे का ते?"

खरंच की! नव्या बाळाला आधी जुन्या कापडाचं घालायचं. म्हाताऱ्या माणसाच्या लुगड्याचं, धोतराचं. म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. सगळी व्रतं तोंडपाठ असलेल्या मला नेमकं हेच आठवू नये? सहाही झबली पिशवीत घालून आम्ही परत आलो.

चाळीत शेवटच्या खोलीत आक्का राहायच्या. ऐंशी पार केलेल्या, पणतवंडं मांडीवर खेळवलेल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "एकादशा मोजून करतेस गो, आणि एवढं विसरलीस?"

आणि कठड्यावर वाळत घातलेल्या आपल्या जुनेराचा कोपरा त्यांनी टर्रकन फाडला. "लाव ह्याचं ठिगळ मानेमागे. झालं जुनं!"

दुसऱ्या दिवशी त्याच सासूबाईंनी सहाच्या सहा ठेवून घेतली.

*

मग नावाचा घोळ. दादरचा एक दुकानदार आमचा माल ठेवायला तयार झाला, पण म्हणाला, "मालाला छाप पाहिजे, बाई. बिनछापाचं कोण विचारतो?"

मी ताबडतोब आमच्या कुलदेवीचं नाव काढलं. आक्का बघतच राहिल्या.

"देवीचं नाव झबल्यावर? बाळ त्यात काय काय करतं ते ठाऊक आहे ना? आणि मग रोज तिला मोरीत आपटणार?"

मी कानाला हात लावले आणि देवीपुढे साखर ठेवली!

तोवर गिऱ्हाइकंच दुकानात "ते आक्काच्या ठिगळाचं द्या" म्हणायला लागली होती. दुकानदाराने पाटीच रंगवून टाकली, 'आक्का छाप झबली'. आम्ही आनंदाने आक्कांना सांगायला गेलो, तर त्या भडकल्या.

"छाप? मी काय विडी आहे?"

*

आता हवालदाराचा. संयुक्त महाराष्ट्रासाठी तेव्हा सगळं गिरणगाव पेटलेलं. सभा, मोर्चे. 'मुंबई आमची' हे बोलायला शिकण्याआधीच पोरांना पाठ. त्या दिवशी कुणी बडे पुढारी आमच्या रस्त्याने जाणार होते. लोक काळी निशाणं दाखवणार म्हणून पोलिसांची धावपळ. आणि संक्रांत आठवड्यावर! बोरन्हाणाला बाळांना काळं झबलं लागतं, म्हणून आम्ही वीसेक काळी झबली धुऊन गॅलरीत ओळीने वाळत घातलेली.

हवालदार धाडधाड जिने चढून आला. "ही काळी निशाणं काढा आधी!"

तारा एरवी परक्या माणसापुढे मान वर न करणारी. त्या दिवशी म्हणाली, "हवालदारसाहेब, निशाणाला बाह्या असतात का?"

त्याने एक झबलं काढून उलटंसुलटं पाहिलं. मानेमागचं ठिगळ पाहिलं. टोपी काढून घाम पुसला. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "आमची चार महिन्यांची आहे. तिला बसेल का हे?"

*

त्याच दिवसांत मराठी आणि गुजराती शेजारी एकमेकांशी जरा जपूनच बोलायचे. एका दुपारी समोरच्या इमारतीतल्या कांताबेन दाराशी येऊन उभ्या राहिल्या. या म्हटलं तरी आत येईनात. त्यांच्या सुनेची आधीची दोन बाळं राहिली नव्हती, आता तिसरं.

"आक्काचा कपडा आमाला चालेल ने?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आक्का आतून ओरडल्या, "का गो? माझं वय गुजरातीत कमी होतं?"

आणि त्या झबल्याला त्यांनी एक सोडून तीन ठिगळं लावायला लावली.

*

श्रावणात आक्कांना ताप आला आणि उतरेना. मी सोळा सोमवार धरले. सोमवारी दिवेलागणीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असं वर मौनही घेतलं. आमचे हे म्हणाले, "हा नवस तेवढा जन्मभर चालू दे!"

तारा आणि मी आळीपाळीने आक्कांच्या कपाळावर पट्ट्या ठेवायचो. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले, माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "खरं सांग. सोमवार माझ्यासाठी धरलेस की माझ्या लुगड्यांसाठी?"

आणि तो नेमका सोमवार!

*

आक्का बऱ्या झाल्या. माझा सोळावा सोमवार दिवाळीनंतर आला, आणि त्याच दिवशी रामादादाही आला. वर्ष भरलं होतं. आल्या आल्या त्याने खिशातून उद्याच्या बोटीची दोन तिकिटं काढून मला दाखवली. तारा माल पोचवायला दादरला गेलेली. मला तर बोलायची चोरी! मी त्याला पाट दिला, पाणी दिलं. तो ताराच्या मशीनशेजारी पाठ ताठ करून बसला.

इतक्यात लालबागहून एक आजीबाई नातवाच्या बारशासाठी झबली घ्यायला आल्या. मी खुणा करायला लागले, त्यांना कळेना. शेवटी रामादादाच उठला. गठ्ठ्यातून झबली काढून एकेक पुढे ठेवायला लागला.

"हे मागे ठिगळ कसलं?" आजीबाईंनी विचारलं.

"आमचा छाप आहे तो," रामादादा म्हणाला. ताराने पत्रात कळवलं असणार!

"धुतल्यावर उसवणार नाही ना?"

"माझ्या बहिणीची शिवण आहे," तो म्हणाला. "उसवत नाही."

आजीबाई होती तेवढी घेऊन गेल्या. मागोमाग आणखी दोघी आल्या, त्यांना त्याने परवा यायला सांगितलं! मी आपली पदर तोंडाला लावून उभी.

दिवे लागायच्या वेळेला तारा जिना चढून वर आली. भावाला पाहिलं आणि उंबऱ्यातच थबकली. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवेना.

रामादादाने मान वर केली नाही. मलमलीचा एक तुकडा उलगडून मशीनवर ठेवत म्हणाला, "बारशाची संपली. उभी काय राहिलीस? शिवायला बस."