दिदीमणींचा स्वयंपाकी

जानेवारीतल्या एका सकाळी शेजारच्या मितालीचा फोन आला. "ताई, बाबा गेले... झोपेतच. तू येतेस का? आईनं अजून काही खाल्लेलं नाही." वडील गेल्याचं आणि आई उपाशी असल्याचं तिनं एका दमात सांगितलं. वेस्ट विंडसरमध्ये आमच्या आणि त्यांच्या घरात दोन ड्राइव्ह-वेंचं अंतर. बर्फातून तेवढं चालताना माझ्या मनात एकच होतं... आता शुभ्राकाकूंना जेवायला कोण घालणार?

मितालीचे बाबा अरविंदकाका नागपूरचे, काकू कोलकात्याच्या. इथल्याच एका विद्यापीठात दोघं केमिस्ट्री शिकायला आले, लॅबमध्ये भेटले आणि लग्न करून इथलेच झाले. काकांकडे मासे चालत नव्हते म्हणून काकूंनी आधी मासे सोडले, मग हळूहळू बाकीचं बंगाली जेवणही घरातून गेलं. २००१ साली आम्ही शेजारी राहायला आलो तेव्हा मंडळाच्या गणपतीला पुरणपोळ्या त्यांच्याच असत. "काकू बंगाली आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही हं!" असं कुणी म्हटलं की काकांचा चेहरा खुलायचा. काकू नुसत्या हसायच्या आणि पुढची पोळी तव्यावर टाकायच्या.

आम्ही आल्यावर दोनेक वर्षांत काकू विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग इंग्रजी, आणि एक दिवस मराठीसुद्धा. उरली ती लहानपणची बंगाली, जी काकांना जेमतेम समजायची. त्यातच जेवण थांबलं. पुढ्यात वरण-भात ठेवला की त्या ताट हातानं हळूच लांब सारायच्या आणि बसून राहायच्या. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, पातळ काहीतरी पाजा. काकांना ते पटलं नाही. त्यांनी इंडियन ग्रोसरीतून भारतात फोन करायचं कार्ड आणलं आणि काकूंच्या कोलकात्याच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. फोन मानेत धरून, हातात पळी घेऊन ते विचारत होते, "कारलं पहले तळना है? और दूध? कारल्यात दूध?" त्यांना शुक्तो करायचं होतं. कारलं, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, वांगं, त्याला मोहरी-आल्याचं वाटण आणि शेवटी दूध, अशी ती कडसर भाजी. मी मदतीला गेले होते. खसखशीतला बटाटा झाला, नारळाचे काप घातलेली हरभऱ्याची डाळ झाली. काकांनी ताट अगदी आपल्यासारखं वाढलं, डावीकडे लिंबू-चटणी, मध्ये भात, उजवीकडे भाज्या. काकूंनी ताटाकडे पाहिलं... आणि ते लांब सारलं.

काका थोडा वेळ ओट्याला टेकून उभे राहिले. मग त्यांनी परत फोन लावला, स्पीकरवर. बहिणीनं विचारलं, "परोसा कैसे?"

"कैसे मतलब? सब एकसाथ, ताट में."

त्या आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "अरे, वो ना नहीं बोलता. वो बैठके राह देखता है. पहले कड़वा दो, खाली कड़वा. वो खतम करेगा, तब डाल देना. एक-एक करके."

काकांनी ताट उचललं. दुसऱ्या ताटात नुसता भात आणि शुक्तो ठेवलं. काकूंनी बोटांनी भात कालवला. एक घास घेतला, मग दुसरा... आणि मान वर करून काकांना बंगालीत काहीतरी विचारलं. फोनवर बहीण हसत होती की रडत होती, कळेना. "पूछता है, ये नया ठाकुर कब आया?" बंगाली घरात स्वयंपाक्याला ठाकूर म्हणतात. काका मोठ्यानं हसले. मग सिंकचा नळ सोडून एकच वाटी बराच वेळ धूत राहिले.

त्या दिवसापासून काका ठाकूर झाले. बायकोला 'दिदीमणी' म्हणायला लागले, माहेरचा स्वयंपाकी घरातल्या मुलीला म्हणेल तसं. बंगालीतले रोजच्या कामाचे शब्द शिकले. बांगलादेशी दुकानातून पहिला फ्रोझन हिलसा मासा आणला, तो मी मालवणची म्हणून माझ्याकडून साफ करून घेतला, तेव्हा स्वतः नाकाला रुमाल लावून बाहेर डेकवर उभे होते. वर्षभरात काकूंसाठी काटेसुद्धा स्वतःच काढायला लागले. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "काका, बढती म्हणायची की डिमोशन?" ते मोहरी वाटत होते. म्हणाले, "अगं, नवरा होतो तेव्हा चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, तुला काय खावंसं वाटतंय म्हणून. स्वयंपाक्याला रोज विचारावं लागतं." थोड्या वेळानं ब्लेंडर थांबवून पुन्हा म्हणाले, "एकदा तरी तिनं मला नावानं हाक मारावी, असं वाटतं गं..." तशी हाक काही आली नाही.

आता शनिवारचा स्वयंपाक मी करते. बाकीचे दिवस मिताली करते, ऑफिस सांभाळून. गेल्या शनिवारी काकू शुक्तो जेवल्या, डाळ-भात जेवल्या, मग मी मोहरीतला मासा वाढला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, ठाकूर कुठे? "गावी गेलाय," मितालीनं तिच्या मोडक्या बंगालीत सांगितलं. काकूंनी थोडा विचार केला. मग माशाचा पोटाकडचा मोठा तुकडा उचलून ताटाच्या कडेला ठेवला.

"खा ना, आई," मिताली म्हणाली.

काकू हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मिताली माझ्याकडे वळली. "ती म्हणतेय... तो बिचारा सगळ्यांच्या नंतर जेवतो. त्याला कधीच चांगला तुकडा उरत नाही. आला की दे."

मितालीनं तो तुकडा बशीत काढला, त्यावर वाटी पालथी घातली आणि बशी ओट्यावर ठेवली.