अडलेल्या आतड्यांचा वॉर्ड

ज्या वॉर्डात कोणालाच जेवण नसतं, तिथे बोलायला वेळ भरपूर. वसईतल्या त्या हॉस्पिटलमधून गोखिवऱ्याला घरी परतलो, तेव्हा माझ्याकडे औषधांपेक्षा किस्सेच जास्त झाले होते.

मी दाखल झालो फुगलेलं पोट आणि उलट्या घेऊन. अपेंडिक्सच्या जुन्या ऑपरेशननंतर आतडी आतल्या आत चिकटली होती आणि वाट अडली होती. नाकातून नळी घालून डॉक्टर म्हणाले, "बहुतेकदा आपोआप सुटतं. पण उद्या सकाळपर्यंत वारा सरला नाही, तर पोट उघडावं लागेल."

तेव्हापासून बायकोचा एकच प्रश्न, "काही हालचाल?"

*

शेजारच्या खाटेवर गिरीजचे पास्कोलकाका. त्यांचा हर्निया जुना. बाहेर आला की हाताने आत ढकलायचा आणि वाडीत कामाला लागायचं. एकदा केळीचा घड उचलला आणि हर्निया आत जाईना. त्यात अडकलेलं आतडं आवळलं, रक्त पोचेना, काळा पडलेला तुकडा कापावा लागला.

डॉक्टर रागावले, "इतकी वर्षं का नाही आलात?"

"चालू होतं ना, डॉक्टर. विहिरीवरचा पंपसुद्धा मी बंद पडल्यावरच दुरुस्तीला नेतो."

*

पलीकडे वसईतल्याच होळी गावचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सरच म्हणत. त्यांच्या मोठ्या आतड्याला पीळ पडला होता. मला समजावं म्हणून त्यांनी टॉवेल पिळून दाखवला. "दोन्ही तोंडं बंद. मधे हवा कोंडते आणि पोटाचा नगारा होतो."

काका म्हणाले, "समजलं, सर. आता माझा टॉवेल द्या."

*

सरांचा पीळ खालून नळी घालून सोडवला होता. त्या दुपारी त्यांना मोकळेपणाने वारा सरला. सिस्टर म्हणाली, "व्हेरी गुड, सर!"

सर म्हणाले, "याच गोष्टीसाठी मी जन्मभर पोरांना वर्गाबाहेर काढलं."

*

संध्याकाळी काकांच्या पत्नी, रोझाकाकू, गावातल्या बायकांना घेऊन प्रार्थनेला आल्या. काकांसाठी प्रार्थना झाली. निघताना त्यांना माझ्या बायकोचा उतरलेला चेहरा दिसला.

"यांचं काय, बाय?"

"अजून नाही. सकाळी ऑपरेशन."

काकूंनी सगळ्यांना माझ्या खाटेभोवती उभं केलं. "देवा, या भावाची वाट मोकळी कर." सगळ्यांनी डोळे मिटले. पंख्याचा तेवढा आवाज.

दिवसभर ज्याची वाट पाहिली, तो वारा नेमका तेव्हा आला. इतक्या बायकांसमोर मी तो धरून ठेवायला लागलो. धरवला नाही. अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं.

कोणी हसलं नाही. काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "आमेन. आणखी कोणाचं राहिलंय?"